डेटाबेस निवडताना घड्याळ बाजूला ठेवा

१९८३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डेविट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तेव्हाच्या डेटाबेस प्रणालींची शर्यत लावली. सगळ्यांना तीच माहिती, तेच प्रश्न आणि उत्तर यायला किती वेळ लागला याची नोंद. निकाल नावानिशी छापला आणि त्यात ओरॅकल मागे पडला. कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी थेट विभागप्रमुखांना फोन लावून डेविट यांच्याविषयी तक्रार केली, अशी हकिगत या क्षेत्रात आजही सांगतात. पुढे ओरॅकलच्या परवान्यात एक कलम आले: आमच्या संमतीशिवाय चाचणीचे आकडे प्रसिद्ध करायचे नाहीत. इतर कंपन्यांनीही ते उचलले. त्याला नाव पडले 'डेविट कलम'.

तेव्हापासून पैसे मोजून घ्यायच्या मोठ्या डेटाबेसांची त्रयस्थाने केलेली, नावे घेऊन छापलेली तुलना क्वचितच वाचायला मिळते. १९८८ मध्ये स्थापन झालेली टीपीसी ही संस्था तपासून घेतलेले आकडे प्रसिद्ध करते खरी. पण त्या चाचण्या उत्पादक स्वतःच्या खर्चाने, हवी ती यंत्रे जोडून करतात. हरणाऱ्याला मैदानात उतरायची सक्ती नसते. माझ्या मते यात ग्राहकाचे फारसे बिघडलेले नाही. एखादी पतसंस्था, महाविद्यालय किंवा मध्यम आकाराचा कारखाना यांच्या कामाला आजचा कुठलाही नावाजलेला डेटाबेस वेगाच्या बाबतीत पुरून उरतो. खरा फरक कळतो तो काहीतरी चुकते तेव्हा.

हे सगळे डेटाबेस एकाच कुळातले. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली 'रिलेशनल' कल्पना अशी: माहिती तक्त्यांत ठेवा, तक्त्यांमधले नाते त्यांतल्या मूल्यांवरून जुळवा आणि ती डिस्कवर कुठे पडली आहे याची उठाठेव प्रश्न विचारणाऱ्यावर टाकू नका. आयबीएममध्येच एसक्यूएल भाषा घडली, पण ती बाजारात आधी आणली ओरॅकलने, १९७९ मध्ये. त्या पहिल्याच उत्पादनाचे नाव होते 'आवृत्ती २'. पहिली आवृत्ती विकत घ्यायला धजणार कोण! बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या इन्ग्रेसनंतर पोस्टग्रेस आला. १९८५ पर्यंत जो तो आपल्या मालावर 'रिलेशनल' असा शिक्का मारू लागला, तेव्हा वैतागलेल्या कॉड यांनी बारा नियम जाहीर केले. शून्यापासून मोजल्यामुळे ते प्रत्यक्षात तेरा आहेत. शिक्का आणि माल यांतले अंतर तेव्हापासूनचे आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: चुकीची माहिती भरली तर हा डेटाबेस काय करतो? नकार देतो, की गुपचूप गिळतो? मायएसक्यूएल या डेटाबेसची बरीच वर्षे गिळण्यात गेली. जागेपेक्षा लांब नाव आले की तो शेपूट कापून उरलेले साठवायचा आणि काम झाले असे सांगायचा. २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून त्याची मूळ मांडणी कडक झाली. अक्षरे साठवायची त्याची 'यूटीएफ-८' व्यवस्थाही अपुरी होती. एका अक्षरचिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट. देवनागरी चिन्हांना तीन पुरतात, त्यामुळे मराठी मजकूर बिनबोभाट बसायचा. पण इमोजीला चार लागतात. ग्राहकाने अभिप्रायात मध्येच नमस्काराचा इमोजी टाकला, की ढिल्या मांडणीत तिथून पुढचा सगळा मजकूर गायब. यावरचा उपाय असलेली चार बाइटची व्यवस्था २०१० मध्ये आली, पण जुने तक्ते अजून कुठे कुठे नांदत आहेत.

एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये आकड्याच्या रकान्यात 'आठ हजार' असे अक्षरी लिहिले तरी चालते. ही चूक नसून तसेच ठरवले आहे, असे त्याचे निर्माते सांगतात. कडक तक्ते हवे असतील तर २०२१ पासून तशी सोय आहे. ओरॅकलची तऱ्हा वेगळी. तिथे रिकामा मजकूर आणि 'माहीत नाही' यांत फरकच नाही. मधले नाव नसलेला माणूस आणि मधले नाव भरायचे राहून गेलेला माणूस तिथे एकच.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. एकाच वेळी दोघे आले तर? समजा, पतसंस्थेचा नियम आहे की नवरा-बायकोच्या दोन खात्यांची मिळून शिल्लक शून्याखाली जाता कामा नये. प्रत्येकात पाच हजार आहेत. तो एका शाखेत आपल्या खात्यातून आठ हजार काढतो, ती त्याच क्षणी दुसऱ्या शाखेत आपल्या खात्यातून आठ हजार काढते. दोन्ही खिडक्यांवरचा संगणक एकूण शिल्लक पाहतो: दहा हजार. दोघांनाही होकार मिळतो. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या ओळींत पडतात, त्यामुळे टक्कर कुठेच दिसत नाही, आणि संस्थेचे सहा हजार बुडीत.

हे टाळायचे तर व्यवहारांच्या अलगपणाची सर्वांत कडक पातळी मागावी लागते, कारण पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि ओरॅकल तिघेही मूळ मांडणीत हा घोटाळा होऊ देतात. कडक पातळी मागितल्यावर पोस्टग्रेस २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून दोघांपैकी एकाला परत पाठवतो. मायएसक्यूएल वाचलेल्या ओळींनाही कुलूप लावतो, दोघे एकमेकांत अडकतात आणि एकाचा व्यवहार रद्द होतो. ओरॅकलमध्ये मात्र त्याच नावाची कडक पातळी मागूनही हा घोटाळा होऊ शकतो; तिथे प्रत्येकाला आपापल्या सुरुवातीच्या क्षणाचे चित्र दाखवले जाते, एवढेच. नाव एक, हमी निराळी. मुंबई आयआयटीचे एस. सुदर्शन ज्याचे सहलेखक आहेत त्या 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या पाठ्यपुस्तकात हा विषय नीट समजावला आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तो परीक्षेपुरता वाचतात आणि नोकरी लागल्यावर विसरतात.

कागदावरच्या हमीवरही विसंबू नये. काइल किंग्सबरी यांचा जेप्सन हा प्रकल्प डेटाबेसना मुद्दाम छळून पाहतो. २०२० मध्ये त्याने पोस्टग्रेसच्या त्या कडक पातळीतच दोष शोधला आणि तो दुरुस्त झाला. २०२३ मध्ये मायएसक्यूएलच्या मूळ पातळीतही विसंगती दाखवली.

तिसरा प्रश्न परदेशी तुलनांत सापडणार नाही: नावांची यादी मराठी क्रमाने लागते का? डेटाबेस नुसत्या युनिकोड क्रमांकांवर विसंबला तर 'क्ष' हे क, हलन्त आणि ष असे धरले जाते, म्हणून क्षमाताई क च्या घोळक्यात जातात आणि ज्ञानदेव ज मध्ये. 'ॲ'चा क्रमांक तर ह च्याही पुढचा आहे, त्यामुळे ॲग्नेस हेमंतनंतर उगवते. पोस्टग्रेसला २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून भाषेनुसार क्रम लावायला सांगता येते आणि त्यात मराठी आहे. मायएसक्यूएलच्या तयार क्रमांत मराठी नाही. एसक्यूलाइटला वेगळी जोडणी करावी लागते. मतदार यादी किंवा सभासद यादी छापणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

एवढे पाहूनही दुसऱ्याची निवड आपल्याला लागू पडत नाही. उबरने २०१३ मध्ये मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेस घेतला आणि २०१६ मध्ये एका लेखात उलटा प्रवास जाहीर केला. कारण ठोस होते. पोस्टग्रेस ओळ बदलताना तिची नवी प्रत लिहितो आणि बऱ्याचदा त्या तक्त्याच्या सगळ्या सूचींत (इंडेक्समध्ये) नव्या प्रतीचा पत्ता भरावा लागतो. सूची अनेक आणि बदल सतत, म्हणजे लिहिणे कैकपट. पण उबर मायएसक्यूएलवर स्वतःचा वेगळा थर चढवून वापरत होती, हे तो लेख नाचवणारे सांगत नाहीत.

कधी कधी तर सर्व्हर नसलेलाच बरा. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरील सॉफ्टवेअर लिहिताना डेटाबेस सर्व्हर बंद पडला की आपला प्रोग्रॅमही अडतो, याला कंटाळून रिचर्ड हिप यांनी २००० साली एसक्यूलाइट लिहिला. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये. आज तो अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असतो. एका वेळी एकच जण लिहू शकतो, पण एका दुकानाच्या बिलांना तेवढे पुरते.

माझा कौल विचाराल तर एकट्या यंत्रावरच्या कामाला एसक्यूलाइट, अनेकांनी मिळून वापरायच्या नव्या कामाला पोस्टग्रेस. ओरॅकल तेव्हाच, जेव्हा चालू व्यवस्था त्याच्याशी बांधलेली आहे. मात्र सही करण्यापूर्वी आपलीच महिन्याभराची खरी माहिती त्यात भरा, मुद्दाम चुका करा, चालू व्यवहारात वीज तोडा आणि बॅकअपवरून सगळे पुन्हा उभे करून पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्यांच्या घोळामुळे त्यांचा रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता, हे उघड झाले. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली.