परदेशात फक्त स्थळं पाहायची की माणसंही? पुलंकडून काय शिकावं

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षांची बचत मोडून परदेशी सहलीला जातात. स्थळं पाहून होतात, फोटो शेकड्यांनी निघतात. पण तिथल्या एकाही माणसाशी धड बोलणं होत नाही. मग त्या देशाकडून शिकणार काय?

पु. ल. देशपांडे यांचं उदाहरण पाहा. बालपण जोगेश्वरीत, शाळा पार्ले टिळक विद्यालय. टीव्हीच्या प्रशिक्षणासाठी ते लंडनला बीबीसीत गेले. त्या प्रवासावर ‘अपूर्वाई’ (१९६०) आलं, पूर्वेकडच्या देशांवर ‘पूर्वरंग’ (१९६३). ही पुस्तकं आजही वाचली जातात, ती त्यातल्या इमारतींमुळे नव्हे, माणसांमुळे.

त्यांच्याकडून घेण्यासारख्या तीन गोष्टी :

* नवखेपण लपवू नका. परदेशी जाताना उडालेली स्वतःचीच तारांबळ पुलंनी हसत सांगितली. ‘मला कळत नाही, सांगाल का?’ म्हटलं की समोरचाही मोकळा होतो.

* सतत तुलना नको. ‘आपल्याकडे असं नाही’ किंवा ‘आपल्याकडचंच बरं’ म्हटलं, की ऐकणं थांबतं.

* चार शब्द शिकून जा. पुलं तर पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात राहिले. नमस्कार, आभार, नाव विचारणं, एवढंही पुरतं.

सहलीच्या वेळापत्रकात ‘मोकळा वेळ’ असतोच. तो सगळा खरेदीत घालवण्याऐवजी अर्धा तास बागेतल्या बाकावर बसा. शेजारच्या आजोबांना त्यांच्या गावाबद्दल विचारा.