गोदावरीच्या गाळातली दख्खनची खूण

त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखासमोर समुद्रतळावर साचलेल्या गाळातली वाळू धुऊन, चाळून ब्रोमोफॉर्ममध्ये टाकली की तिचे दोन भाग होतात. ब्रोमोफॉर्म हा पाण्याच्या जवळपास २.९ पट जड द्रव. क्वार्ट्‌झ, फेल्डस्पारचे हलके कण त्यावर तरंगतात आणि तळाशी बसतात ती जड खनिजे. वाळूत ती बहुधा शेकड्याला एखाद-दुसरीच असतात. पण गाळ कुठून आला, हे त्यांच्याकडूनच नेमके कळते.

सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी-हिरवट ऑजाइट दिसले की ते दख्खनच्या बेसॉल्टचे, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचे, हे जाणकार ओळखतात. काळेकुट्ट मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटही बरेचसे तिथलेच. फिकट गुलाबी गार्नेट आणि काड्यांसारखे सिलिमनाइट मात्र पूर्व घाटातल्या खोंडालाइट खडकाचे. तो घाट ओलांडताना नदी त्यांना सोबत घेते.

नुसते कण मोजून मात्र भागत नाही. ऑजाइट लवकर कुजते, झिरकॉन चिवटपणे टिकतो. शिवाय लाटा वाळू पाखडत राहतात. जड कण किनाऱ्यालगत उरतात, हलके पुढे जातात. म्हणून गाळातल्या निओडायमियमच्या समस्थानिकांचीही साक्ष काढावी लागते; त्यांचे प्रमाण खडकागणिक वेगळे असते.

गोदावरीच्या मुखासमोरच्या गाळातल्या या समस्थानिकांची तपासणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या सुमारे चार हजार वर्षांत दख्खनच्या मातीची धूप वाढल्याचे तिच्यातून दिसले. पाऊसमान घटून झाडोरा विरळ होत होता, आणि त्याच काळात दख्खनमध्ये शेती पसरत होती. गोदावरीच्या खोऱ्यात, प्रवरेकाठी दायमाबाद आणि जोर्वे इथे ताम्रपाषाणयुगीन वस्त्या नांदल्या, त्या याच काळात.

आज जायकवाडीसारख्या धरणांत गाळ अडतो. माती शेतातून जातेच आहे, पण त्रिभुज प्रदेशापर्यंत तिचा पूर्वीइतका पुरवठा होत नाही. शेताची सुपीकता, धरणाचे आयुष्य आणि आंध्रचा किनारा हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. मृदसंधारणाचा आराखडा बांधापासून समुद्रापर्यंत सलग आखायला हवा, आणि तो आखताना समुद्रतळाची ही नोंद हाताशी असायला हवी.