केदारनाथला निघण्यापूर्वी रक्ताची एक तपासणी

अक्षय तृतीया जवळ आली की गोंदिया, आमगाव, सालेकसा, देवरी या भागांतील कितीतरी घरांत चारधाम यात्रेची बोलणी सुरू होतात. मुलांची लग्ने उरकलेली असतात, शेतीचा भार थोरल्याने उचललेला असतो. वर्षानुवर्षे मनात जपलेली यात्रा बहुधा याच वयात घडते. निघताना गुडघे, रक्तदाब, साखर यांची विचारपूस आवर्जून होते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तर तो प्रथम विचारावयास हवा : घरात कोणाला सिकलसेल आहे काय?

या प्रश्नाचा केदारनाथशी काय संबंध, हे कळण्यासाठी उंचीवर नेमके काय बदलते ते पाहू. उंचावर पृथ्वीची ओढ कमी होते, म्हणून त्रास होतो, असे काहींना वाटते. गोंदिया समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटरवर आहे आणि केदारनाथ 3,583 मीटरवर. एवढे चढूनही गुरुत्वाकर्षण जेमतेम हजारात एका भागाने घटते. 60 किलोच्या माणसाचे वजन सुमारे 60 ग्रॅमने उतरावे, इतकेच. बदलते ती हवा. पृथ्वी हवेलाही आपल्याकडे ओढून धरते. वरच्या थरांचे ओझे खालच्या थरांवर पडते, म्हणून सपाटीवर हवा दाट आणि वर विरळ. हवेतील प्राणवायूचा वाटा सर्वत्र 21 टक्केच असतो. परंतु केदारनाथला हवेचा दाब सपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्यामुळे दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू तितकाच कमी होतो.

निरोगी शरीर श्वास आणि नाडीचा वेग वाढवून ही उणीव काही अंशी भरून काढते. पण त्याला दोन-तीन दिवसांची उसंत लागते. ती मिळाली नाही तर 2,500 मीटरच्या पुढे डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे असा त्रास अनेकांना होतो.

सिकलसेलच्या बाबतीत गोष्ट याहून गंभीर आहे. या आजारातील हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडताच गोठल्यासारखे होते आणि गोल, लवचीक रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर बनतात. त्या बारीक वाहिन्यांत अडकतात व पुढचा रक्तपुरवठा थांबतो. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांनी एवढ्या उंचीवर जाणे टाळावे, असाच वैद्यकीय सल्ला असतो. वाहकांचे तसे नाही. सपाटीवर त्यांना बहुधा काहीच त्रास नसतो आणि पुष्कळ वाहक उंचावर सुखरूप जाऊन येतात. तरीही काही वाहकांच्या प्लीहेचा, म्हणजे पांथरीचा, रक्तपुरवठा उंचीवर अचानक तुटल्याच्या नोंदी आहेत. त्यांत धडधाकट तरुणही आहेत.

पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी ठरवण्यात आली. साहजिकच नातवंडांची तपासणी होते, आजी-आजोबांची राहून जाते. वास्तविक नातू वाहक निघाला, तर तो गुण त्याला आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो आणि त्यांना त्यांच्या आईवडिलांकडून. म्हणजे चौघा आजी-आजोबांपैकी निदान एक जण वाहक असतोच. लग्नसंबंधात अडचण येईल या भीतीने काही घरांत ही गोष्ट झाकून ठेवतात. निदान यात्रेला निघणाऱ्या वडीलधाऱ्यांपासून तरी ती झाकू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची साधी चाचणी होते. ती होकारार्थी आली, तर पुढील तपासणीने आजार की वाहक हे निश्चित होते. त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. रक्त आधीच कमी असलेल्या माणसाला विरळ हवा दुप्पट जाचते.

चालणे झेपणार नाही म्हणून अनेक कुटुंबे वृद्धांसाठी हेलिकॉप्टर ठरवतात. त्याने पायपीट वाचते, उंची वाचत नाही. उलट काही मिनिटांत शरीर विरळ हवेत जाऊन पडते. आधी गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला एक-दोन रात्री मुक्काम करावा. वर गेल्यावर पहिल्या दिवशी धावपळ नको. थंडीत तहान लागत नाही, तरी घोटघोट पाणी प्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रतापगड किंवा कचारगड चढताना लागणारी धाप उंचीची नसते. ती देहाचा भार वर नेण्याच्या श्रमाची असते. तरीही ती उपयोगाची खूण आहे. तिथेच छातीत दाटून येत असेल, तर केदारनाथचा बेत हृदयाची तपासणी झाल्याशिवाय पुढे नेऊ नये.

सोबत जाणाऱ्यांनी एक लक्षण ध्यानात ठेवावे. डाव्या बरगड्यांखाली अचानक तीव्र कळ येऊन ओकाऱ्या सुरू झाल्या, तर प्रवासात ‘गॅस झाला असेल’ म्हणून गोळी देऊन गप्प बसण्याचा मोह होतो. तसे करू नये. स्वस्थ बसूनही लागणारी धाप, बरळणे, चालताना झोक जाणे हीदेखील धोक्याचीच चिन्हे होत. उजाडण्याची वाट न पाहता प्राणवायू मिळवावा, रुग्णाला खाली उतरवावे आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सिकलसेलविषयी सांगावे. उत्तराखंडच्या डोंगरातील डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असे नाही. म्हणून तपासणीचा कागद आधार कार्डासोबत खिशातच असू द्यावा.