बॅटरीवरचा आळ

संपादकांना हवा होता मालवणच्या जलपर्यटनावरचा लेख: किल्ला, स्कूबा, डॉल्फिन आणि हंगामाची उलाढाल. त्यासाठी ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला उतरलो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचं हे मुख्यालय. दर्याचे सगळे कागद इथे आणि दर्या मात्र कसालवरून मालवणची वाट धरल्यावर. कचेरीतलं काम आटोपून चहाला थांबलो, तर शेजारच्या बाकावर एक तरुण होडीवाला नवी कोरी बॅटरी मांडीशी घेऊन बसलेला. एकाच हंगामातली ही तिसरी, असं तो वैतागून सांगत होता. पहिल्या दोन्ही 'भिकार' निघाल्या म्हणे. बॅटऱ्या बनवणारे इतके नादान असतील का, या शंकेने मी त्याच्याबरोबर मालवणला गेलो आणि संपादकांचा विषय ओरोसलाच राहिला.

आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर अडकवायचं इंजिन. अमेरिकेत ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये ते बाजारात चालतं केलं. जपानच्या यामाहाने आपलं पहिलं आउटबोर्ड १९६० साली काढलं. आपल्या किनाऱ्यावर याला नुसतं 'मशीन' म्हणतात. लहान मशीन दोघांनी उचलून घरी नेता येतं, उथळ पाण्यात वर उचलून धरता येतं आणि वाळूवर ओढायच्या होडीला ते सोयीचं पडतं. १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला गेला तेव्हा माणूस आणि सामान शिडावल्ह्यांवर गेलं. आज तेच पाणी पर्यटक मशीनवर ओलांडतात. इतिहास एवढा पुरे. माझं लक्ष गेलं ते मशीनच्या टोपाखालच्या एका हट्टी डबीकडे.

टोप काढला की सगळ्यात वर फ्लायव्हील दिसतं. त्याच्या आतल्या कडेला कायमची चुंबकं बसवलेली असतात आणि पोटात न फिरणारी तांब्याची वेटोळी, म्हणजे स्टेटर. चुंबकं फिरली की वेटोळ्यांत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट ही एवढीच. पण ही वीज उलटसुलट वाहणारी. बॅटरीला लागते एकाच दिशेची. मध्ये डायोडचा रेक्टिफायर बसतो तो त्यासाठी; हीच ती डबी. मोठ्या मशीनांत त्याच डबीत रेग्युलेटरही असतो आणि खरी गंमत तिथे आहे.

मोटारगाडीच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकत्व विजेवर चालतं. बॅटरी भरली की ते कमी करता येतं. आउटबोर्डची चुंबकं कायमची. इंजिन फिरतंय तोवर वीज होतच राहणार, हवी असो वा नसो. मग रेग्युलेटर काय करतो? नको असलेली वीज वळवून परत वेटोळ्यांतच जिरवतो. तिची उष्णता होते. म्हणून त्या डबीला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, म्हणूनच ती इंजिनाच्या अंगाला घट्ट बसवलेली असते आणि म्हणूनच ती अधूनमधून मरते. बॅटरी भरलेली, होडी निवांत, तेव्हाही ही डबी तापत असते. लहान मशीनांत तर बऱ्याचदा रेग्युलेटरच नसतो. वेटोळ्यांतून ८० वॅटच्या आसपास जे येईल ते रेक्टिफायरमधून थेट बॅटरीत. तिथे पाणी घालायची साधी बॅटरीच बरी. सीलबंद बॅटरी जादा भरली की आतलं पाणी उडतं आणि ते परत घालायला वाट नसते.

मालवणात माझ्या होडीवाल्याने गाठ घालून दिलेल्या मिस्त्रींची शेड समुद्राकडे पाठ करून आहे. खारा वारा हत्यारांवर येऊ नये म्हणून. साठीपलीकडचे, बोलायला कंजूष. होडीवाला म्हणाला, "काकानू, ही पण बॅटरी जातली काय?" मिस्त्रींनी मान वर केली नाही. "झिला, बॅटरीन काय केल्यान? तिका जेवाण कोण घालता, ता आधी बघ."

त्यांची पद्धत ठरलेली आहे आणि ते तिच्यातली एकही पायरी गाळत नाहीत. होडीवर दुसरी, 'भिकार' ठरलेली बॅटरी अजून जोडलेली होती. मशीन बंद असताना मीटर लावला: १२.१ व्होल्ट. निवांत ठेवलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते; म्हणजे ही अर्ध्याच्या आसपास. मग टर्मिनल हाताने हलवून पाहिली. बॅटरीवरचे हाताने पिळायचे नट धक्क्यांनी सैल होतात, म्हणून तिथे ते पान्याचे नट बसवतात. मग मशीन पाण्याच्या पिंपात चालू केलं आणि फेरे दोन हजारांपर्यंत नेले. चार्जिंग धड असतं तर काटा १३.८ ते १४.५ च्या मध्ये जायला हवा होता. तो १२.१ वरून हलला नाही.

इथे घाईचा माणूस रेक्टिफायर मागवतो. मिस्त्रींनी मीटरची एक पिन बॅटरीच्या टर्मिनलवरून उचलून रेक्टिफायरच्या बाहेर पडणाऱ्या तारेवर ठेवली. १४.८. डबी काम करत होती. वीज वाटेत अडकत होती. हातभर तारेत २.७ व्होल्ट गायब. त्या हातभर अंतरात एकच गोष्ट होती, फ्यूजची बैठक. फ्यूज काढून दाखवला, शाबूत. होडीवाल्याने तोच फ्यूज आधी मीटरवर तपासला होता, बैठकीसकट, आणि मीटरने बीप दिली होती.

"बीप वाजली म्हणान तार बरी, असां समजू नको," मिस्त्री म्हणाले. मला याचा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. बीप देताना मीटर तारेतून जेमतेम मिलिअँपिअर सोडतो. बैठकीच्या पितळेवर हिरवा गंज चढून नऊ ओहमचा अडथळा तयार झाला, तरी मीटर खुशाल वाजतो. पण २.७ व्होल्टच्या फरकात नऊ ओहममधून जातात ०.३ अँपिअर. बॅटरीला हवेत पाच-सहा. दोष सापडायचा तर वीज वाहत असतानाच मोजलं पाहिजे. बैठक बदलली, टोकांना ग्रीस लावलं, मशीन चालू केलं आणि काटा १४.२ वर जाऊन थांबला. 'भिकार' बॅटरी परत घरी गेली आणि नवी कोरी दुकानात परत करता येईल का, याची चौकशी सुरू झाली.

पुढच्या पायऱ्या त्या दिवशी लागल्या नाहीत, तरी मी त्या विचारून घेतल्या. रेक्टिफायरमधूनच वीज येत नसेल तर त्याआधी स्टेटर बघायचा. तीन तारा असतील तर दोन-दोनच्या जोड्या धरून उलटसुलट विजेचे व्होल्ट मोजायचे. तिन्ही जोड्या सारख्या हव्यात. एक जरी मागे पडली तर वेटोळं जळलेलं. कुठल्याही तारेचा मशीनच्या धातूशी संबंध लागता कामा नये. तिथे सगळं ठीक असेल तर डायोड: एका दिशेने वाट द्यायची, दुसऱ्या दिशेने अडवायची. दोन्हीकडून वाट देत असेल तर डबी गेली. आणि मशीनवर फेऱ्यांचा काटा असेल तर तो फुकटचा खबऱ्या असतो. बऱ्याच मशीनांत त्याला संकेत चार्जिंगच्या वेटोळ्यांतूनच मिळतो. इंजिन गर्जतंय आणि काटा शून्यावर पडलाय, म्हणजे चार्जिंगकडे बघायची वेळ झाली.

डबी मरते ती बहुतेक वेळा माणसाच्या हातून. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या जातात आणि बॅटऱ्या घरी जातात. तीन महिने न भरता पडून राहिल्या की पत्र्यांवर सल्फेट चढतं. हंगामाच्या तोंडावर गडबडीत जोडताना कोणीतरी लाल आणि काळी तार अदलाबदल करतं आणि एका ठिणगीत डायोड संपतात. दुसरा घात म्हणजे मशीन चालू असताना बॅटरीचा स्विच बंद करणं. वीज जायला जागा राहत नाही, व्होल्ट चढतात आणि डबी फुटते.

इथवर कौतुक होतं. काळजी पुढे आहे. होडीवर विजेची भूक वाढत चालली आहे. मासे दाखवणारा पडदा, जीपीएस, दिवे, पाणी उपसायचा पंप, मोबाइल, पर्यटकांच्या होडीवर गाणीही. आणि आता सुरक्षेची साधनं: पालघरमध्ये ३० ऑगस्ट २०२४ रोजी मच्छीमार बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेची देशभरातली सुरुवात झाली. संकटात संदेश देणारी अशी यंत्रणा हवीच. पण होडीवरचं प्रत्येक नवं साधन शेवटी त्याच वेटोळ्यांकडे हात पसरतं.

हिशेब सोपा आहे आणि तो कोणी करत नाही. स्टार्टरने तीन सेकंद दीडशे अँपिअर ओढले तरी खर्च होतो तो ०.१२५ अँपिअर-तास, दोन मिनिटांच्या बऱ्या चार्जिंगमध्ये तो भरून निघतो. स्टार्टरवर उगाच राग. बॅटरी रिकामी करतात ती सतत चालणारी लहान ओझी. जाळं टाकून होडी संथ ठेवली किंवा डॉल्फिन दाखवायला मंद चालवली की फ्लायव्हील हळू फिरतं आणि मशीनवर छापलेल्या अँपिअरचा एखादा हिस्साच हाती येतो. पडदा, दिवे आणि गाणी मिळून पाच अँपिअर खात असतील आणि येत असतील तीन, तर मशीन चालू असतानाही बॅटरी उतरत जाते. यात कुठलाच भाग बिघडलेला नसतो, म्हणून असा दोष मिस्त्रींनाही दुरुस्त करता येत नाही. गिऱ्हाईक मात्र पुन्हा बॅटरीच बदलतं.

पूर्वी याने फारसं बिघडत नव्हतं. दोरी ओढली की मशीन लागायचं. आताच्या मोठ्या फोरस्ट्रोक मशीनांत इंधन सोडणारा संगणक आहे. त्याला पुरेसे व्होल्ट नसतील तर मशीन लागत नाही, आणि एवढं मोठं इंजिन हाताने फिरवणंही सोपं नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीची ओढ जबर असते. त्या तोंडावर पर्यटक भरलेल्या होडीचं मशीन बंद पडलं आणि परत लागलं नाही, तर ती अडचण उरत नाही, अपघात होतो. लाइफ जॅकेट मोजता येतात, ती फाटली तर दिसतं. फ्यूजच्या बैठकीतला हिरवा गंज टोपाखाली असतो.

उपाय महागडे नाहीत. उष्णतेने आकसणाऱ्या नळीने बंद केलेले जोड, कथिल चढवलेली तार, मशीन सुरू करायला वेगळी आणि बाकी सगळ्याला वेगळी बॅटरी, आणि सुकाणूसमोर कायमचा बसवलेला काही शे रुपयांचा व्होल्टमीटर. मिस्त्री तो बसवून देतात, पण फारसं कोणी मागत नाही. बॅटरी दुकानात जाऊन आणता येते आणि नवी आणली की काही आठवडे मशीन लागतंही; तेवढ्यात हंगाम पुढे सरकतो. मोजणीला मात्र माणूस लागतो. त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा गोव्यात नोकरीला गेला, तिथे मशीनं मोठी आणि पगार नियमित. पुढच्या नारळी पौर्णिमेला त्यांच्या शेडसमोर रांग लागेल ती आधीच दोन-दोन बॅटऱ्या बदलून आलेल्यांची. तिथे पिन धरायला हात एकाच माणसाचे आहेत आणि ते साठीपलीकडचे आहेत.