जनुक-संस्कारित पेशी आणि रक्तवाहिन्यांची दुरुस्ती

पनवेल तालुक्यातील विचुंबे गावापासून जवळच असलेल्या खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. रुग्णाच्याच रक्तातील पेशींत जनुकीय बदल करून त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडण्याचा ‘कार-टी’ हा उपचार देशात प्रथम येथेच ४ जून २०२१ रोजी करण्यात आला. अशा पेशींच्या साहाय्याने दुखावलेल्या रक्तवाहिन्याही दुरुस्त करता येतील काय, या दिशेने जगात दीर्घकाळ संशोधन चालू आहे.

अस्तराचे कार्य

रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचे एकपदरी अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्ताची गुठळी होण्यास आळा बसतो. या कार्याच्या शोधाबद्दल १९९८ मध्ये तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. तंबाखू, मधुमेह व उच्च रक्तदाब यांमुळे अस्तराची हानी होते. फुग्याच्या साहाय्याने रोहिणी रुंद करण्याच्या उपचारातही ते खरवडले जाते. अस्तर वेळीच भरून न आल्यास वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका संभवतो.

जनुकाची पेरणी

शेतकरी निवडक बियाणे पेरतो, त्याप्रमाणे येथे निवडक जनुक पेशीत पेरले जाते. शरीरातून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारे किंवा अन्य मार्गाने त्यांत इष्ट जनुक घातले जाते. १९८९ मध्ये अमेरिकेत अशा पेशी डुकरांच्या रोहिण्यांवर व कुत्र्यांना बसविलेल्या कृत्रिम वाहिन्यांवर रुजविण्यात आल्या. पुढे कॅनडात नायट्रिक ऑक्साइडनिर्मितीचे जनुक घातलेल्या पेशी फुप्फुसांतील रोहिण्यांच्या उच्चदाबाच्या सात रुग्णांना देण्यात आल्या. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र एवढ्या लहान चाचणीवरून उपचार सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. वाहत्या रक्तात पेशी टिकवून धरणे आणि त्यांची अनिर्बंध वाढ होऊ न देणे, या मुख्य अडचणी होत.

खारघरचा धडा

रक्ताच्या कर्करोगाबाबत मात्र हे तत्त्व चाचणीच्या कसोटीस उतरले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ६४ रुग्णांवरील चाचण्यांत, ज्यांचे मूल्यमापन होऊ शकले त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना गुण आला. प्रयोगशाळा, मर्यादित चाचणी, शासकीय मान्यता व नंतर वापर, हा क्रम येथे पाळला गेला.

रक्तवाहिन्यांच्या उपचारासही याच वाटेने जावे लागेल. तोपर्यंत ‘पेशी टोचून’ हृदयविकार किंवा पायाची कुजलेली जखम बरी करून देण्याच्या जाहिरातींना कोणी भुलू नये. मूळ पेशींचा सिद्ध न झालेला वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे. कर्ज काढून किंवा जमीन विकून अशा उपचारामागे जाणाऱ्या कुटुंबाला शिक्षक व पंचायत सदस्यांनी वेळीच सावध करावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घेण्यास प्रवृत्त करावे. निसर्गाने दिलेले अस्तर जपणे हे आजही प्रत्येकाच्या हाती आहे.