नोकरी, संसार आणि एम.ए. : तासांचा हिशेब

नोकरी करीत शिकणे ही आपल्या समाजात नवी गोष्ट नव्हे. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा तेथे सकाळचे वर्ग भरवण्यात आले, ते कचेऱ्यांतून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकून मग कामावर जाता यावे म्हणून. त्या सकाळच्या वर्गाची जागा आता मोबाईल आणि संगणकाने घेतली आहे. आपल्या संस्थेतील कित्येक बंधुभगिनी बी.ए., बी.कॉम. होऊन नोकरीला लागले, संसारात पडले आणि पुढचे शिक्षण राहून गेले. घरी बसून ऑनलाईन एम.ए. करता येते हे कळल्यापासून पुष्कळजण चौकशी करतात. आम्ही स्वतः बँकेत कारकून, कला शाखेचे पदवीधर. चाळिशी ओलांडल्यावर एम.ए.ला नाव घातले असून अभ्यास चालू आहे. तेव्हा जे कळले ते येथे मांडत आहोत.

अशी पदवी चालते का, हा सर्वांचा पहिला प्रश्न. चालते. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाईन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असा खुलासा विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये केलेला आहे. मात्र नुसत्या विद्यापीठाला मान्यता असून भागत नाही. आपण घेणार तो अभ्यासक्रम आणि आपल्या प्रवेशाचे सत्र, दोन्ही आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत असावी लागतात. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. फ्रँचायझी देऊन केंद्रे चालवायला आयोगाची बंदी आहे. म्हणून 'हमखास पास'चे फलक लावणाऱ्या दुकानात एक रुपयाही भरू नये. 2024 पासून प्रवेशासाठी स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो व तो श्रेयांक बँकेच्या खात्याशी जोडलेला असतो. (या बँकेत पैसे ठेवता येत नाहीत, हे आमच्याकडे चौकशीला आलेल्या एका गृहस्थांना दोनदा सांगावे लागले.)

खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो फारसे कोणी विचारत नाही. वेळ किती लागेल?

ऑनलाईन म्हटले की लोकांना वाटते, काम निम्मे झाले. वाचतो तो फक्त जाण्यायेण्याचा वेळ. अभ्यास तेवढाच राहतो. मुक्त विद्यापीठांच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. त्यात वाचन, व्याख्याने पाहणे, स्वाध्याय लिहिणे सर्व आले. नव्या धोरणानुसार दोन वर्षांची एम.ए. 80 श्रेयांकांची धरली तर 2400 तास होतात. दोन वर्षांचे आठवडे 104. म्हणजे दर आठवड्याला 23 तास. आता नोकरदाराच्या खिशात किती तास आहेत ते पाहू. सोमवार ते शुक्रवार पहाटे दीड तास, म्हणजे साडेसात. रविवारी पाच. बँकांना 2015 पासून दुसरा व चौथा शनिवार सुटी आहे, त्या दिवशी पाच-पाच धरले तर सरासरीने आठवड्याला सव्वादोन. बेरीज पंधराच्या आत. लग्ने, आजारपणे, मुलांच्या परीक्षा, 31 मार्चची धावपळ अजून धरलेलीच नाही. संस्थेच्या सभाही त्यातच येतात. कार्यकारिणीने राग मानू नये.

2400 ला 15 ने भागा. 160 आठवडे येतात, म्हणजे तीन वर्षे आणि वर महिनाभर. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, नोकरदाराने एम.ए. तीन वर्षांची आहे असे समजूनच फॉर्म भरावा. इग्नूमध्ये दोन वर्षांच्या एम.ए.ला जास्तीत जास्त चार वर्षे मिळतात. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा होतात, फी पेपरमागे भरायची असते, आणि ज्या पेपरात उत्तीर्ण झालो ते गुण कायम राहतात. चार पेपर एकदम अंगावर घेण्यापेक्षा दर खेपेस दोन-तीन दिले तर रजाही पुरतात. स्वाध्यायांना साधारण 30 टक्के आणि अंतिम परीक्षेला 70 टक्के गुण असतात. स्वाध्याय स्वतः लिहावेत. बाजारात तयार मिळतात, पण ते उतरवून काढणाऱ्याची परीक्षेत काय अवस्था होते ते सांगायला नको.

लांबलेल्या शिक्षणाची आपल्या लोकांना उगीच लाज वाटते. बाबासाहेबांना 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. नोव्हेंबर 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. मध्ये पडलेल्या त्या तीन वर्षांबद्दल कोणी त्यांना नावे ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुरुष पहाटे दार लावून अभ्यासाला बसतो तेव्हा त्याचे पाणी भरणे, दूध आणणे, मुलांची शाळेची तयारी ही कामे दुसरे कोणीतरी करीत असते. भगिनींनी नाव घातले तर मात्र डबे करून, भांडी आवरून मग पुस्तक उघडायचे, अशीच सर्वांची अपेक्षा. त्यांचे पंधरा तास पंधरा राहत नाहीत, सहा-सात होतात. आणि मग शिकण्याची जिद्द नव्हती असे म्हणायला आपण मोकळे. फॉर्म भरण्यापूर्वी घरच्या सर्वांनी बसून कामे वाटून घ्यावीत, शक्य तर कागदावर.

जागेचेही तसेच. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे असताना व्याख्यान ऐकणार कोठे? बऱ्याच ऑनलाईन परीक्षांत कॅमेऱ्यापुढे एकट्याने बसावे लागते. मागून कोणी गेले तरी शंका घेतली जाते. ज्यांच्या घरी वेगळी खोली नाही त्यांनी परीक्षा केंद्रावर जाऊन देता येईल असाच अभ्यासक्रम निवडावा. रोजच्या अभ्यासासाठी मात्र आमची संस्थेकडे एक सूचना आहे. आपले वाचनालय सायंकाळी उघडते, तेव्हा नोकरदार लोकलमध्ये असतो. ते पहाटे 5 ते 7 उघडे ठेवावे, सहा टेबले, दिवे आणि इंटरनेटची सोय करावी. किल्ली सांभाळण्यास आम्ही तयार आहोत.