शिवार आहे, मग बाग कशाला?

कर्नाटकाच्या उत्तर टोकाला असलेल्या औरादसारख्या तालुक्याच्या गावात बागेचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: चहूकडे शिवार पसरलेलं असताना बाग कशाला? प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात हिरवाई आणि विसावा यांची गल्लत आहे. सोयाबीन-तुरीचं रान परक्याला कितीही सुखावो. ज्याचं पीक त्यात उभं आहे त्याला तिथे तण दिसतं, अळी दिसते, लांबलेला पाऊस दिसतो. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये हे नेमकं मांडलं. नेटाने एकवटलेलं लक्ष थकतं. आणि जिथे काही करायचं नसतं, पानांची सळसळ आपसूक मन वेधते, तिथे ते पुन्हा ताजं होतं. रोजच्या व्यापापासून सुटल्याची जाणीव ही त्यातली एक अट. शेतकऱ्याला ती स्वतःच्या बांधावर कशी मिळावी? शिवाय वैशाखात शिवार हिरवं तरी कुठे असतं? उरते ती भेगाळलेली काळी माती.

यावर जाणता वाचक म्हणेल, की झाडांजवळ राहणारे मुळातच खाऊनपिऊन सुखी असतात, त्यांचं मन शांत असल्याचं श्रेय झाडांना का द्यायचं? शंका खरी आहे, आणि या विषयावरच्या पुष्कळ अभ्यासांना ती लागूही पडते. म्हणून फिलाडेल्फिया शहरातला प्रयोग मोलाचा. तिथे 541 पडीक भूखंड निवडले आणि सोडतीसारख्या पद्धतीने त्यांचे तीन गट पाडले. काहींवर गवत, मोजकी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण आलं. काहींवरचा फक्त कचरा उचलला. उरलेले होते तसेच ठेवले. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरव्या केलेल्या भूखंडांजवळच्या रहिवाशांमध्ये खिन्न वाटण्याचं प्रमाण, जैसे थे ठेवलेल्या भागांच्या तुलनेत, 41.5 टक्क्यांनी घटलं. नुसत्या सफाईने लक्षणीय फरक पडला नाही. हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, डॉक्टरांचं निदान नव्हे. आणि बागेने कर्ज फिटत नाही की औषधोपचाराची गरज संपत नाही. तरीही एवढ्याशा खर्चात एवढा फरक पडत असेल, तर बाग ही श्रीमंत शहरांची चैन आहे, हे म्हणणं टिकत नाही.

पाण्याचं काय, हा आक्षेप मात्र आपल्या मातीतला आणि वजनदार. हिरवळीच्या गालिच्यांचा हट्ट इथे वेडेपणाच ठरेल. पण कडुनिंब, चिंच, पिंपळ पहिली काही वर्षं जगवले, की पुढे फारसं मागत नाहीत, आणि उन्हाळ्यात मनाआधी अंगाला हवी असते ती सावलीच. सोळाव्या शतकात बीदरच्या अली बरीद या सुलतानाने आपली कबरसुद्धा चारबागेच्या मधोमध, चारी बाजूंनी मोकळी बांधून घेतली. कोरड्या दख्खनला बागेचं वावडं कधीच नव्हतं. प्रश्न उरतो तो बाग कुणाची, हा. गावात पार असतोच, पण त्यावर बसतात पुरुष. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला निवांत बसायचं, तर चालत पोचता येईल इतकी जवळची जागा हवी, संध्याकाळी दिवा हवा, बसायला बाक हवा आणि जवळ स्वच्छतागृह हवं. लेआउटच्या नकाशात उद्यान म्हणून दाखवलेला तुकडा वेड्या बाभळीच्या हवाली होण्याआधी तिथे एवढं करता येतं.